झोन बदलाचा प्रस्ताव तोलताना: चित्र बाजूला ठेवा, परवानगी वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक-दोन मजली घरांच्या जुन्या पट्ट्यात एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १ वरून २.५ करून दाट घरबांधणीला मुभा द्यावी, असा झोन बदलाचा, म्हणजे त्या भागाचे बांधकामाचे नियम बदलण्याचा, प्रस्ताव आलाय. तुम्ही स्थानिक सल्लागार समितीवर आहात, नगररचनेचं शिक्षण नाही आणि लवकरच मत द्यायचंय. शेजारी म्हणतात, रस्ते तुंबतील, नळाला पाणी राहणार नाही. प्रस्तावाच्या बाजूचे म्हणतात, घरं स्वस्त होतील. दोघांनीही कागदांचे गठ्ठे दिलेत.

असे प्रस्ताव तपासणं हेच माझं काम. काहींच्या बाजूने शिफारस केली, काहींच्या विरोधात. सुरुवात नेहमी एकाच गोष्टीने करतो: प्रस्तावासोबत जोडलेलं रंगीत चित्र फाइलमधून काढून बाजूला ठेवतो. त्या चित्रात झाडं पूर्ण वाढलेली असतात, रस्त्यावर एकही गाडी नसते आणि ऊन नेहमी तिरपं, सोनेरी पडलेलं असतं. झोन बदलताना तुम्ही ते चित्र मंजूर करत नाही, एक परवानगी मंजूर करता. ही परवानगी जमिनीला चिकटते, अर्जदाराला नाही. अर्जदार उद्या जमीन विकून मोकळा होईल, घेणारा त्याच नियमात बसणारी भलतीच इमारत आणेल, आणि तेव्हा तुम्हाला कुणी विचारणारही नाही. म्हणून दोन इमारती डोळ्यांसमोर आणायच्या. एक, नव्या नियमात बसू शकेल अशी मोठ्यात मोठी. दुसरी, येत्या दहा वर्षांत खरोखर उभी राहील अशी. बहुतेक वेळा या दोघींत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि सगळं भांडण पहिलीवरून चाललेलं असतं.

एक प्लॉट घेऊन गणित मांडू. १४ मीटर रुंद, २५ मीटर खोल, म्हणजे ३५० चौरस मीटर. एफएसआय २.५ म्हणजे ८७५ चौरस मीटर बांधकाम. आता नियमावलीतली मार्जिनं, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, काढा. समजा समोर ४.५ मीटर, मागे ३, दोन्ही बाजूंना ३-३. इमारतीला उरली ८ बाय १७.५, म्हणजे १४० चौरस मीटर. ८७५ गाठायला सात मजले चढवावे लागतील. पण त्याच प्रस्तावात, चार पानं पुढे, स्टिल्टवर (खांबांवर उभ्या, गाड्यांसाठी मोकळ्या तळमजल्यावर) चारच मजल्यांची उंचीमर्यादा असेल तर? मग १४० गुणिले ४, म्हणजे ५६०. खरा एफएसआय १.६ झाला. २.५ हा आकडा फक्त मथळ्यात राहिला.

अजून संपलं नाही. प्रत्येक मजल्यावर जिना, लिफ्ट आणि मार्गिका मिळून ३० चौरस मीटर धरा. उरले ११०, त्यात ५५-५५ चे दोन फ्लॅट. चार मजले, आठ घरं. नियम म्हणतो, प्रत्येक घरामागे एक गाडीची जागा. एका गाडीला वळण्याची जागा धरून २५ ते ३० चौरस मीटर लागतात. स्टिल्टमध्ये जिना-लिफ्ट वगळून ११० उरतात, तिथे चार गाड्या. समोरच्या मार्जिनमध्ये फार तर आणखी एक-दोन. म्हणजे आठ घरांची इमारत नियमात बसतच नाही, पाच किंवा सहा घरांची बसते. बिल्डर काय करेल? लहान आठ घरांऐवजी मोठी पाच घरं बांधेल, आणि मोठं घर कुणाला परवडतं ते तुम्ही जाणताच. एफएसआयवरून दोन महिने भांडण होतं आणि घरांची संख्या ठरवतो तो पार्किंगचा तक्ता, ज्याच्यावर सुनावणीत कुणी बोलतही नाही. अमेरिकेत बफेलो शहराने २०१७ मध्ये पार्किंगची किमान अट शहरभर काढून टाकली, त्यानंतर बऱ्याच शहरांनी हाच रस्ता धरला. तुमच्याकडे सार्वजनिक वाहतूक किती चालू आहे त्यावर हे जमेल की नाही ते ठरेल, पण प्रश्न विचारायलाच हवा.

याच प्लॉटवरून दुसरी गोष्टही दिसते. शेजारचे दोन प्लॉट एकत्र केले तर रुंदी २८ मीटर होते आणि मधली दोन मार्जिनं वाचतात. इमारतीला २२ बाय १७.५, म्हणजे ३८५ चौरस मीटर मिळतात. दोन सुट्या प्लॉटवर मिळून २८० च मिळत होते. मजल्यामागे १०५ चौरस मीटरचा हा फायदा ज्याच्याकडे दोन-तीन प्लॉट विकत घ्यायचा पैसा आहे त्यालाच मिळतो. स्वतःच्या घराच्या जागी चार घरं बांधून तीन विकावीत किंवा भाड्याने द्यावीत असा विचार करणारा साधा मालक इथे मागे पडतो. तुमच्या समितीला तो पुढे यायला हवा असेल तर बाजूच्या मार्जिनाचा नियम बदलायला सांगा, एका बाजूची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून चालेल का ते पाहा. केवळ एफएसआय वाढवून हे साधत नाही.

आता सगळ्या पट्ट्याकडे या. असे ४० प्लॉट आहेत असं धरू. कागदावर १४,००० चौरस मीटरला २.५ ने गुणलं की ३५,००० होतात, घरटी सार्वजनिक जागेसह ७० धरले तर ५०० घरं. विरोधक याला चारने गुणून २,००० माणसं येणार म्हणून सांगतात. समर्थकही याच ५०० चा आकडा घेऊन घरटंचाई संपली म्हणतात. पण प्लॉट विक्रीला यावा लागतो, वारसांचं जमावं लागतं, आत्ताचं घर पाडण्यालायक जुनं असावं लागतं, कर्ज मिळावं लागतं. उदार हाताने दहा वर्षांत चौथा हिस्सा, म्हणजे दहा प्लॉट, धरले आणि पार्किंगची अडचण सोडवली गेली असं मानलं तरी ८० घरं होतात. त्यातून पाडलेली १० वजा करा. निव्वळ ७०. पाचशे आणि सत्तर यांतला फरक समजला की समितीतला अर्धा गोंगाट शांत होतो. मात्र उलट बाजूही ध्यानात ठेवा: ७० घरांनी कुठलीही टंचाई संपत नाही. म्हणून एवढ्याशा पट्ट्यापेक्षा प्रस्ताव किती मोठ्या भागाला लागू आहे, याकडे मी जास्त बघतो.

का, ते सांगतो, कारण इथेच बहुतेक प्रस्ताव बिघडतात. जमिनीला स्वतःची अशी किंमत नसते. तिच्यावर जे बांधता येईल त्याच्या विक्रीतून बांधकामखर्च, व्याज, शुल्क आणि नफा वजा केला की जे उरतं ते जमीनमालक मागतो. परवानगी वाढली की उरलेली रक्कम वाढते आणि ती थेट मालकाच्या खिशात जाते, एकही वीट न रचता. आता हा लाभ मोजक्या प्लॉटांनाच दिला तर त्या प्लॉटांची टंचाई कायम राहते आणि मालक पुरेपूर भाव वसूल करतात. शहराच्या मोठ्या भागाला दिला तर बांधणाऱ्याला म्हणता येतं, तू नको देऊस, पलीकडचा देईल. भाव मालकाच्या मनाप्रमाणे फुगत नाही.

शिकागो आणि ऑकलंड ही दोन शहरं समोरासमोर ठेवली की हे चांगलं दिसतं. शिकागोने २०१३ आणि २०१५ मध्ये रेल्वे स्थानकांजवळच्या जमिनींना वाढीव बांधकाम आणि कमी पार्किंगची सवलत दिली. योना फ्रीमार्क यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा पहिल्या पाच वर्षांत त्या जागांचे भाव चढल्याचं दिसलं, नव्या बांधकामात मात्र वाढ आढळली नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये निवासी जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश जमिनीवर एकदम जास्त घरांना परवानगी दिली. पुढच्या पाचेक वर्षांत बांधकाम परवाने साधारण दुप्पट झाले. वाढ झाली ती मुख्यतः एकमेकांना चिकटलेल्या दोन-तीन मजली घरांची. उंच मनोऱ्यांचा त्यात मोठा वाटा नव्हता. ऑकलंडच्या आकड्यांवर वाद आहेत. परवाने वाढले त्यातला किती वाटा झोन बदलाचा आणि किती त्या काळातल्या स्वस्त व्याजाचा, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. पण रुंद आणि बुटकी परवानगी अरुंद आणि उंच परवानगीपेक्षा जास्त घरं देते, हे माझ्या अनुभवाशीही जुळतं. तुमच्या प्रस्तावातला पट्टा दोन-चार मालकांपुरता आखलेला दिसत असेल, नकाशावरची रेघ एखाद्या प्लॉटभोवती विचित्र वळण घेत असेल, तर तिथे बोट ठेवा आणि कारण विचारा.

वाढलेल्या किमतीतला काही हिस्सा सार्वजनिक कामासाठी घ्यावा, हे मला रास्त वाटतं. पण किती आणि कधी, यात हात फार जपून टाकावा लागतो. ब्रिटनने १९४७ च्या कायद्याने वाढीव किमतीवर शंभर टक्के आकार लावला होता. मालकांना विकण्यात काहीच राम उरला नाही, त्यांनी जमिनी धरून ठेवल्या, आणि सहा वर्षांत तो आकार रद्द करावा लागला. ब्राझीलमधल्या साओ पावलोने दुसरी वाट धरली. २०१४ च्या आराखड्यात शहरभर मूळ एफएसआय १ ठेवला, त्यापुढचा हवा असेल तर शुल्क भरून घ्यायचा, आणि मेट्रो-बसच्या मार्गांलगत तो ४ पर्यंत नेण्याची मुभा दिली. नियम सगळ्यांना सारखा आणि आधीच छापलेला. त्यामुळे जमीन घेणारा ते शुल्क मालकाला द्यायच्या भावातूनच वजा करतो.

इथे वेळेला सगळं महत्त्व आहे. अटी जमीन विकली जाण्याआधी जाहीर झाल्या तर त्यांचा भार जमिनीच्या भावावर पडतो. बिल्डरने चढा भाव मोजून जमीन घेतल्यावर अट घातली तर तो एकतर प्रकल्प थांबवतो किंवा बैठकीत येऊन रडगाणं गातो, आणि त्याचं रडगाणं त्या वेळी खरंही असतं. म्हणून झोन आत्ता बदलू, अटींचं नंतर पाहू, हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

परवडणाऱ्या घरांची अट, म्हणजे नव्या इमारतीतली ठरावीक टक्के घरं कमी भावात द्यायची अट, हीही अशीच. टक्का उत्साहाने वाढवला की बांधकामच होत नाही, आणि शून्याचा तिसरा हिस्सा शून्यच. उंबरठा कुठे ठेवता तेही बघा. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये २०१७ पासून २० किंवा त्याहून अधिक घरांच्या इमारतींना ही अट लागली, आणि थोड्याच दिवसांत १९ घरांच्या इमारती दिसू लागल्या. लोक नियम वाचतात. तुमच्या प्रस्तावात कुठल्याही आकड्यावर अट अचानक सुरू होत असेल तर त्या आकड्याच्या एक खाली किती इमारती येतील, हा प्रश्न अधिकाऱ्यांना विचारा.

घरं स्वस्त होतील का? नवी घरं स्वस्त नसतातच. नवी इमारत त्या भागातली सगळ्यात महाग इमारत असते आणि शेजारी तिच्याकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, गरिबांसाठी म्हणाले आणि हे बांधलं. हा आक्षेप समजण्यासारखा आहे, पण हिशेब इथे थांबत नाही. नव्या घरात जाणारा कुठलं तरी घर रिकामं करून जातो, तिथे दुसरा येतो, तो आपलं रिकामं करतो. एव्हन मास्ट यांनी अमेरिकी शहरांत ही साखळी पत्त्यांवरून मागोवा घेत तपासली. बाजारभावाच्या नव्या इमारतीत १०० जण राहायला गेले की अखेर ४५ ते ७० जण मध्यमापेक्षा कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमधून बाहेर पडतात, आणि बहुतेक परिणाम तीन वर्षांत दिसतो. हेलसिंकीतल्या अभ्यासातही शहराच्या मध्यभागी बांधलेल्या १०० नव्या घरांमागे, उत्पन्नाच्या खालच्या अर्ध्यात मोडणाऱ्या वस्त्यांमध्ये सुमारे ६० घरं मोकळी होताना दिसली. यावरून एवढंच म्हणता येतं की नवी घरं भाववाढीचा जोर कमी करतात. ज्यांना बाजारातलं जुनं घरही परवडत नाही त्यांच्यापर्यंत ही साखळी पुरेशी पोहोचत नाही. त्यांच्यासाठी सरकारी पैसाच लागतो. झोन बदलाकडून त्याची अपेक्षा करणारा आणि तो होत नाही म्हणून झोन बदल फसवा म्हणणारा, दोघांशीही मी सहमत नाही.

मात्र एका ठिकाणी मी ताबडतोब थांबतो. ज्या जमिनीवर आज कोण राहतंय हे प्रस्तावात लिहिलेलंच नाही, तिथे. रिकामं गोदाम, गाड्यांचा तळ, पडीक कारखाना यांच्यावर दाट घरं आली तर कुणी बेघर होत नाही. जुन्या, स्वस्त भाड्याच्या इमारतींवर आली तर होतं, आणि नव्या साखळीचा लाभ तीन वर्षांनी कुठल्या तरी दुसऱ्या वस्तीत मिळेल, हे त्या भाडेकरूला सांगण्यात काही अर्थ नाही. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये एकाच प्लॉटवर जास्त घरांना मुभा देणारा कायदा केला तेव्हा गेल्या तीन वर्षांत भाडेकरू राहत असलेली घरं पाडण्यापासून वगळली. असं वगळणारं कलम तुमच्या प्रस्तावात घालून घेणं सोपं आहे आणि त्याने घरांची संख्या फारशी घटत नाही, कारण पट्ट्यात मालक स्वतः राहतात अशी घरं पुष्कळ असतात. वगळायचं नसेल तर पाडलेल्या प्रत्येक भाड्याच्या घरामागे तेवढंच घर त्याच भाड्याने परत द्यायची अट हवी, आणि मधल्या काळात तो माणूस कुठे राहणार तेही लिहिलेलं हवं.

आता रस्ते, पाणी, ड्रेनेज. शेजाऱ्यांच्या हरकतींत सगळ्यात जास्त जागा यांनाच असते, म्हणून आकड्यांनी बोलू. ७० घरं, प्रत्येकी चार माणसं, भारतात धरतात तसं माणशी रोज १३५ लिटर: ३७,८०० लिटर. त्यातलं ८० टक्के ड्रेनेजला गेलं तर ३०,००० च्या आसपास. सकाळच्या गर्दीच्या वेळी सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरला तरी सेकंदाला सुमारे एक लिटर. गल्लीतली १५० मिलिमीटरची मलवाहिनी साध्या उतारावर याच्या कितीतरी पट वाहून नेते. त्यामुळे गल्लीतली नळी फुटेल ही भीती बहुधा खोटी ठरते. अडचण असते ती खाली, जिथे दहा-बारा पट्ट्यांचं पाणी एकत्र येतं, त्या पंपिंग स्टेशनवर. अभियंत्याला गल्लीबद्दल विचारू नका. पंपिंग स्टेशनची क्षमता किती आणि पावसाळ्यात आज ते किती तास पूर्ण भारावर चालतं, हे विचारा. पाण्याचंही तेच. जिथे नळांवरच आग विझवण्याची सोय धरलेली असते तिथे गल्लीतल्या नळीचा व्यास बहुतेकदा त्या प्रवाहावरून ठरतो आणि घरगुती वापर त्यात आरामात बसतो. टंचाई असते ती स्रोतावर आणि टाकीवर, आणि ती सगळ्या शहराची असते. शहराच्या टोकाला नवी वसाहत झाली तरी पाणी त्याच टाकीतून जाणार, वर नवीन नळ्या टाकाव्या लागणार.

पावसाचं पाणी मात्र मी गांभीर्याने घेतो. ३५० चौरस मीटरचा प्लॉट पूर्ण फरशीखाली गेला तर ५० मिलिमीटरच्या एका सरीत १७,५०० लिटर पाणी रस्त्यावर येतं. आज त्यातलं बरंच अंगणात मुरतं. घरं चौपट झाली म्हणून पूर येत नाही, अंगण फरसबंद झालं म्हणून येतो, आणि मोठा बंगला बांधूनही तेच होतं. प्लॉटचा ठरावीक हिस्सा खरी माती राहील, त्याखाली तळघर नसेल, अशी अट घाला. जुनी झाडंही त्यानेच वाचतात.

वाहतूक: ७० घरांपैकी निम्म्यांची गाडी गर्दीच्या तासात निघाली तर ३५ गाड्या. पावणेदोन मिनिटांना एक. बहुतेक गल्ल्यांना हे कळणारही नाही. ५०० घरं झाली तर मिनिटाला चार, ते कळेल, आणि चौकातल्या सिग्नलचा अभ्यास मागावा लागेल. शाळेबद्दल घाईने बोलू नका. जुन्या पट्ट्यांत मुलं मोठी होऊन निघून गेलेली असतात आणि पट उतरलेला असतो. शाळेचा दहा वर्षांचा पट मागवा, पाच मिनिटांचं काम आहे.

सावलीची हरकत अक्षांशावर अवलंबून. डिसेंबरच्या मध्यान्ही १९ अंश उत्तरेला १५ मीटर उंच इमारतीची सावली जेमतेम १४ मीटर पडते, ५० अंशांवर तीच ५० मीटरपर्यंत जाते. नकाशावर उत्तरेकडच्या शेजाऱ्याचं अंतर मोजा, बास.

दाटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मनोरे येतात, ते सुनावणीत खोडून काढावं लागतं. बार्सिलोनाचा एशाम्पला हा भाग, १८५० च्या दशकाअखेर इल्डेफोन्स सेर्दा यांनी आखलेला, सहा-सात-आठ मजल्यांत दर चौरस किलोमीटरला ३५,००० च्या आसपास माणसं सामावतो. पॅरिस शहराची सरासरी सुमारे २०,००० आहे, तीही बहुतांश सहा-सात मजल्यांतच. उलट एफएसआय कमी ठेवला म्हणून गर्दी कमी होते असंही नाही. १९९१ च्या नियमावलीत मुंबई बेटावर तो १.३३ होता आणि ती जगातल्या सगळ्यात दाट शहरांपैकी एक होती. माणसं यायची थांबली नाहीत, एकेका खोलीत जास्त राहू लागली. तुमच्या प्रस्तावाच्या विरोधात गर्दीचा मुद्दा आला तर आधी हे ठरवा की गर्दी रस्त्यावरची मोजायची की खोलीतली.

आता जो प्रश्न प्रस्तावाच्या फाइलमध्ये कधीच नसतो तो: नाही म्हटलं तर काय होईल? समिती नकळत असं धरते की नकार दिला तर पट्टा आज आहे तसाच राहील. राहत नाही. जुनी घरं तशीही विकली जातात आणि एफएसआय १ मध्ये त्याच ३५० चौरस मीटरवर ३५० चौरस मीटरचा एकाच कुटुंबाचा बंगला उभा राहतो, झाड तोडून, अंगण झाकून, चार गाड्या लावून. जी कुटुंबं इथे फ्लॅट घेणार होती ती शहराच्या कडेला जातात आणि रोज तुमच्याच रस्त्यावरून गाडीने कामाला येतात. म्हणून माझ्या टिपणात नेहमी दोन रकाने असतात, मंजूर केलं तर आणि नाकारलं तर, दोन्हींत तेच प्रश्न. बऱ्याच हरकती दुसऱ्या रकान्यातही तशाच लागू पडतात, मग त्या प्रस्तावाविरुद्धच्या हरकती राहत नाहीत.

सुनावणीत हजार सह्यांचं निवेदन येईल. ते वाचा, त्यातल्या जागेच्या माहितीचा उपयोग करा, नाल्याला कुठे पाणी तुंबतं हे रहिवाशांइतकं कुणालाच माहीत नसतं. पण डोकी मोजून मत बनवू नका. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या अशा बैठकींची इतिवृत्तं तपासली तेव्हा बोलणाऱ्यांत वयस्क, पुरुष, जुने रहिवासी आणि घरमालक यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा स्पष्टपणे जास्त होतं, आणि बहुसंख्य विरोधात बोलले होते. उद्या त्या घरांत राहायला येणारी माणसं आज मतदारयादीतही नसतात. भाडेकरू कामावर असतात. बैठकीची वेळ संध्याकाळची ठेवायला सांगता आली तर सांगा.

तुमच्याकडे आलेल्या प्रस्तावावर, जेवढं तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून, माझा कल बाजूने आहे, पण आहे त्या मसुद्याच्या बाजूने नाही. २.५ ऐवजी खरोखर बसणारा आकडा लिहा, १.६ असेल तर १.६. त्याने जमिनीचे भाव उगाच फुगणार नाहीत. उंची चार मजल्यांवर ठेवून पट्टा रुंद करा, शेजारचे दोन-तीन पट्टेही घ्या. पार्किंगची किमान अट घटवा. भाड्याची घरं वगळा. मातीचा हिस्सा बांधून घ्या. आणि यातली प्रत्येक गोष्ट नियमाच्या मजकुरात यायला हवी. अर्जदाराच्या हमीपत्रात किंवा बैठकीतल्या तोंडी आश्वासनात आलेली अट जमीन विकली गेली की संपते.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधली एक तरतूद इथे उपयोगी पडेल. त्यांनी १९९८ मध्ये मध्यवर्ती भागात प्लॉटचा किमान आकार ५,००० वरून १,४०० चौरस फुटांपर्यंत आणला आणि २०१३ मध्ये तो नियम शहरभर नेला. सोबत एखाद्या गल्लीतल्या मालकांना एकत्र येऊन अर्ज करून आपल्यापुरता मोठा किमान आकार कायम ठेवण्याची सोय ठेवली. ज्यांचा विरोध तीव्र होता त्यांना बाहेर राहायला वाट मिळाली आणि बाकीच्या शहराचं काम अडलं नाही. तुमच्या शेजाऱ्यांपैकी एखादी गल्ली ठाम असेल तर सगळा प्रस्ताव पाडण्यापेक्षा हा मार्ग सुचवून पाहा.

बैठकीआधी खात्याकडून तीनच कागद मागवा: नमुन्याच्या एका प्लॉटवर मार्जिन, उंची आणि पार्किंग लावून काढलेला नकाशा, पट्ट्यातल्या प्रत्येक घरात मालक राहतो की भाडेकरू याची यादी, आणि पंपिंग स्टेशनचा पावसाळ्यातल्या चार महिन्यांचा नोंदतक्ता. हे न मिळता मत द्यायला सांगितलं तर निर्णय पुढे ढकलण्याची मागणी करा, पण एकदाच, आणि पुढची तारीख इतिवृत्तात लिहून घेऊन.